"मीटर कधी चुकत नाही" म्हणे! मग माझं ६,२४० रुपयांचं बिल कोणाचं होतं?

इंदिरानगर
परवा आपल्या नाशिकच्या ग्रुपवर एकांनी लिहिलं होतं, "बिल वाढलं म्हणून रडणाऱ्यांनी आधी घरातले दिवे बंद करायला शिकावं. मीटर कधी चुकत नाही, माणसं चुकतात." वाचलं आणि डोकं फिरलं. म्हणून सविस्तर लिहितेय.

घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. एसी नाही. वर्षानुवर्षं ११०-१२० युनिट, हजार-अकराशे रुपये बिल. एप्रिलमध्ये एकदम ४५२ युनिट, ६,२४० रुपये. त्या रात्रीपासून सासूबाई पंखा बंद करून झोपायला लागल्या. एप्रिल महिन्यात! पंचाहत्तरीची बाई, पहाटे घामाने निथळत उठायची आणि म्हणायची, "माझ्यामुळेच वाढलं असेल गं." ही "माणसं चुकतात"ची शिकवण घरातल्या सगळ्यात भित्र्या माणसाला जाऊन लागते, हे लिहिणाऱ्याला कळत नाही.

वीज कंपनीच्या ऑफिसात तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा "वापर तपासा". दुसऱ्यांदा "उन्हाळा आहे ताई". तिसऱ्यांदा "आधी भरा, मग बघू". शेवटी गल्लीतल्या वायरमनने मला पार्किंगमध्ये मीटरच्या बोर्डापाशी उभं केलं आणि ह्यांना वरून मेन स्विच पाडायला सांगितला. आमच्या नंबरच्या मीटरवरचा लाल दिवा तसाच लुकलुकत होता. ओळीतल्या तिसऱ्या मीटरचा मात्र थांबला. मार्चमध्ये बिल्डिंगची मीटर बदलली तेव्हा वायरी इकडच्या तिकडे झाल्या होत्या. पहिल्या मजल्यावरच्या दोन एसींचे पैसे आमच्या नावावर! मीटर बरोबर, रीडिंग बरोबर, फक्त मीटर आमचं नव्हतं.

सातपूर कॉलनी
ते मीच लिहिलं होतं आणि आजही तेच म्हणतो. तुमच्या वायरी बदलल्या, वाईट झालं. पण अशी उदाहरणं किती? माझ्या धाकट्या भावानेही असाच आरडाओरडा केला. फी भरून मीटर तपासून घेतलं, मीटर ठणठणीत. निघालं काय? पोरगा बारावीला, खोलीत दीड टनाचा एसी, रात्री दहा ते सकाळी सात, १८ वर. कॉम्प्रेसर चालू असताना तासाला दीड युनिटच्या आसपास जातं. २००० वॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं. त्यात शंभर युनिटच्या पुढचा दर दुपटीच्या जवळ, तीनशेच्या पुढे आणखी वर. वापर दुप्पट झाला की बिल अडीचपट होतं, आणि लोक मीटरला शिव्या देतात.

गंगापूर रोड
साहेब, टप्पे आम्हालाही कळतात. न कळणारं वेगळंच आहे. वीज आकार, वर तारांतून वीज आणण्याचा वहन आकार, वर वापर असो-नसो लागणारा स्थिर आकार, इंधन महागलं की इंधन समायोजन, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. शिवाय वर्षातून एकदा वाढीव सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल. हे सगळं का? शेतीपंप फुकट चालायला हवेत म्हणून. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत बिल शून्य. भरतो कोण? आम्ही, प्रामाणिकपणे बिल भरणारे.

उगाव, ता. निफाड
वाटच बघत होतो, हे कधी येतंय. साडेसातपर्यंत बिल शून्य, मान्य. पण वीज येते कधी ते विचारा. आमच्याकडे आठवडा दिवसा, आठवडा रात्री. डिसेंबरात निफाडचा पारा किती खाली जातो ते तुम्ही पेपरात वाचता आणि गोधडी ओढून घेता. मी तेव्हा बागेत असतो, कारण गारठ्यात द्राक्षमण्याला तडे जातात. पहाटे पाणी द्यावं लागतं, बांधावर शेकोट्या करून धूर करावा लागतो. मागच्या हिवाळ्यात मोटर सुरू करायला गेलो तर बॅटरीच्या उजेडात उसाच्या कडेला दोन डोळे दिसले. बिबट्या. वीस पावलांवर. मोटरच्या स्टार्टरच्या पेटीला पाठ लावून किती वेळ उभा होतो ते मलाच माहीत. घरी आल्यावर बायकोला सांगितलंसुद्धा नाही. ती फुकट वीज तुम्ही घ्या आणि रात्री दोन वाजता पेटीपर्यंत चालत या.

गंगापूर रोड
भावनेवर नेऊ नका. बिबट्याचा आणि माझ्या बिलाचा संबंध काय? वर्षानुवर्षं पंपांची थकबाकी राहिली, तारांवर आकडे टाकून वीज चोरली गेली, गळतीच्या नावाखाली सगळं खपलं. हे खोटं आहे का?

उगाव, ता. निफाड
आकडे टाकणारे आहेत, नाही कुठे म्हणतो? शहरात नाहीत? माझ्या पंपाला तर मीटरच नव्हतं, अश्वशक्तीवर ठरवून बिल यायचं. पंप बंद असला तरी तेवढंच. डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाला की आठ-आठ दिवस अंधार, आणि गावाने वर्गणी काढून ऑइल आणायचं. आता सांगा, कोण कोणाचं भरत होतं? माझ्या नावावर ती थकबाकी लिहिणारा कधी बांधावर आला नाही.

गंगापूर रोड
मीटर नसताना वापर मोजला कसा, हा प्रश्न बरोबर आहे. तेवढं मान्य. पण घरगुती वरच्या टप्प्याचा दर इतका का, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

नाशिकरोड
तुमचं चालू द्या, पण मूळ प्रश्न राहिला बाजूला. ताई, ६,२४० भरलेत का? भरले नसतील तर वीज कायदा २००३चं कलम ५६ बघा. १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. आणि बिलावर वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली की वाद मिटेपर्यंत वीज तोडत नाहीत. "आधी भरा, मग बघू" हा काउंटरवरचा नियम आहे, कायद्यातला नाही.

इंदिरानगर
नाही भरले. सरासरीचे ११०० अर्जासोबत भरले. तेसुद्धा एका निवृत्त शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून. काउंटरवर कोणी सांगत नाही, हाच माझा राग आहे. नंतर बिल दुरुस्त झालं, पण पहिल्या मजल्यावरचे आमच्याशी बोलत नाहीत, जणू त्यांची वीज आम्हीच चोरली.

तारवाला
वीस वर्षं वायरमनचंच काम करतो म्हणून बोलतो. इंदिरानगरच्या ताई आणि सातपूरचे भाऊ, दोघांचंही बरोबर आहे, पण भांडण्याआधी घरच्या घरी दोन गोष्टी करा. एक, मेन पाडून मीटर बघा. दिवा लुकलुकत राहिला तर मेनच्या आधी कोणाचं तरी जोडलेलं आहे किंवा मीटरची अदलाबदल झालीय. दुसरी, मीटरवर ३२०० असा एका युनिटमागे लुकलुकण्याचा आकडा छापलेला असतो, तो शोधा. घरातलं सगळं बंद करून फक्त १००० वॉटची इस्त्री लावा, तापू लागली की एक मिनिट मोजा. ३२०० वालं मीटर ५३ च्या आसपास लुकलुकलं पाहिजे. सत्तर झाले तर भांडायला जा, मी येतो बरोबर.

आणखी एक. गिझरची कॉइल फुटली की करंट पाण्यातून, पाइपातून जमिनीत जातो. नळाला बारीकसा झटका लागतो, लोक हसून सोडतात. त्याचंही मीटर फिरतं, आणि जीवही जातो. ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडत असेल तर तो काढून टाकू नका. मागच्याच महिन्यात एका घरी बघितलं, "सारखा पडतो" म्हणून थेट जोडून टाकलेला.

सातपूर कॉलनी
बघा, हेच म्हणत होतो. गिझर. घरातलीच चूक.

इंदिरानगर
फुटलेली कॉइल डोळ्यांनी दिसते का? तुम्ही लोकांना दिवे बंद करायला सांगितलंत, मेन पाडून मीटर बघा असं एका शब्दाने लिहिलं नाहीत. तुम्ही कधी बघितलंय का तुमचं?

सातपूर कॉलनी
गरज पडली नाही. माझं बिल दरमहा वेळेवर आणि ठरल्याइतकं येतं. पण एवढं म्हणताय तर उद्या बघतो.

उगाव, ता. निफाड
तारवाले भाऊ, शेतातल्या पेटीच्या अर्थिंगबद्दलही लिहा. पावसाळ्यात पेटीला हात लावायची भीती वाटते.

तारवाला
आधी कोरड्या लाकडी फळीवर कोरड्या पायांनी उभे राहा, मग हात. आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असेल तर त्यात पाणी, मीठ, कोळसा टाकून घ्या. फोटो पाठवा, बघतो.

सातपूर कॉलनी
बघितलं. मेन पाडला, लाल दिवा थांबला, म्हणजे मीटर माझंच आहे. पण त्याचबरोबर तिसऱ्या मजल्यापर्यंतचे जिन्यातले दिवेही गेले. चौदा वर्षं राहतोय इथे. बिल "ठरल्याइतकं" का येत होतं ते कळलं. तुमचा मुद्दा निम्मा मान्य करतो, पूर्ण नाही. सोसायटीला अर्ज कसा द्यायचा?

इंदिरानगर
दोन प्रती करा. एकीवर सेक्रेटरींची सही आणि तारीख घ्या, ती स्वतःकडे ठेवा. जिना अंधारात राहील म्हणून आज दिवे तोडू नका, वर म्हातारी माणसं राहत असतील.