मुलांचं क्रिएटिनिन उंचीशी जोडून बघा

पाणी कमी प्यायल्यामुळे मुलांच्या किडन्या जातात, हे म्हणणं मला पटत नाही. जळगाव-भुसावळच्या उन्हात मूतखडे होतात, मान्य. पण लहान मुलांत किडनीचा दीर्घ आजार बहुतेकदा जन्मजात दोषातून येतो: किडनीच लहान राहणं, लघवी उलटी वर चढणं, मुलग्यांत मूत्रमार्गात पडदा असणं.

माझा भाचा (यावल तालुका) तर रात्री उठून माठातलं तांब्याभर पाणी प्यायचा आणि आठव्या वर्षीही अंथरूण ओलं करायचा. बिघडलेल्या किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून ती भरपूर होते आणि घरचे निर्धास्त राहतात. उंची मात्र अडलेली, ११० सेंमी. रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा आणि किडनीनं गाळून टाकायचा कचरा) १.० मिग्रॅ/डेसिली, शेजारी छापलेलं 'नॉर्मल'. अहो, ती मर्यादा मोठ्या माणसांची! मुलांचे स्नायू कमी, म्हणून किडनी किती गाळते याचा हिशोब वेगळा: ०.४१३ गुणिले सेंमीतली उंची, भागिले क्रिएटिनिन. त्याचं ४५ आलं, म्हणजे किडनीचं काम निम्म्याहून कमी. वयात येताना ही घसरण बऱ्याचदा वेग घेते. तेव्हा लघवीची धार बारीक असेल किंवा उंची अडली असेल, तर लघवीची तपासणी, बीपी आणि सोनोग्राफी लगेच करून घ्या.