मराठी बटणांवर मात्रा कापल्या जातात, काय चुकतंय?

प्रश्न: फिग्मात (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) मराठी अ‍ॅपचा आराखडा करतेय. मुक्ता फॉन्ट, आकार १६, ओळीची उंचीही १६. बटणांवर वेलांट्या, रफार कापले जातात. शीर्षकात शिरोरेषा तुटते.

उत्तर १: ओळीची उंची २४ करा. देवनागरीत वर रफार-वेलांटी, खाली उकार. रोमनचं माप पुरत नाही. बटणाची उंची ठरावीक ठेवू नका, वर-खाली १२ पॅडिंग (मजकुराभोवतीची मोकळी जागा) द्या.

उत्तर २: शिरोरेषा अक्षरांमधल्या वाढीव अंतरामुळे तुटते. इंग्रजी शीर्षकाची स्टाइल तशीच उचलली असेल. अंतर शून्य करा.

उत्तर ३: १२+२४+१२=४८, म्हणजे अँड्रॉइडच्या स्पर्शासाठी सुचवलेलं माप आपोआप साधतं. चाचणीला ‘लॉरेम इप्सम’ (रोमन लिपीतला निरर्थक नमुना मजकूर) मुळीच नको. ‘उद्दिष्टपूर्ती’, ‘सर्वांसाठी’ टाकून बघा. अक्षरं राखाडी असतील तर पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळ-गडद फरक) किमान ४.५:१ हवा.