प्रतिसाद: क्लोजरमध्ये फ्रेमचा पॉइंटर ठेवू नका

स्टॅकवर चालणारी छोटी भाषा लिहिताना क्लोजर (बाहेरच्या फंक्शनमधली व्हेरिएबल्स सोबत घेऊन फिरणारं फंक्शन) कसं साठवावं यावर वर सुचवलंय की त्यात नुसता फ्रेमचा, म्हणजे एका कॉलची व्हेरिएबल्स असलेल्या जागेचा, पॉइंटर ठेवावा. बाहेरचा शब्द (अशा भाषांत फंक्शनला 'शब्द' म्हणतात) परतला की ती फ्रेम संपते, त्या जागेवर दुसरंच काही लिहिलं जातं. सदाशिव पेठेतला वाडा पाडून सोसायटी उभी राहिली तरी जुन्या बिऱ्हाडाच्या नावाने पत्रं टाकत राहण्यातला प्रकार.

त्यापेक्षा हीपवर (कॉल संपला तरी टिकणाऱ्या मेमरीत) एक छोटी वस्तू बनवा: कोडचा पत्ता, पकडलेल्या किमतींची संख्या आणि त्या किमती. फॅक्टर या स्टॅकवर चालणाऱ्या भाषेतला 'करी' हा शब्द साधारण असंच करतो (ही करी रश्श्याची नव्हे, तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांच्या नावाची). 5 आणि [ + ] (चौकटी कंसात अजून न चालवलेला कोड) यांना करी लावली की [ 5 + ] मिळतं. सुरुवातीला एवढं पुरे.

खरी गोची बदलत्या व्हेरिएबलची. किंमत कॉपी केलीत तर काउंटर (प्रत्येक कॉलला 1 ने वाढायला हवं असं क्लोजर) दरवेळी 1 च दाखवेल, 2 कधी येणारच नाही. अशा व्हेरिएबलसाठी हीपवर एका खान्याचा डबा घ्या. फ्रेम आणि क्लोजर दोघांकडे त्याच डब्याचा पॉइंटर. लूपमध्ये मात्र प्रत्येक फेरीला नवा डबा, नाहीतर सगळी क्लोजर्स शेवटचीच किंमत सांगतील.

आणि कॉल करताना रिटर्न स्टॅकवर (कॉल संपल्यावर कुठे परतायचं ते ठेवणाऱ्या स्टॅकवर) परतीच्या पत्त्यासोबत कॉल करणाऱ्याच्या क्लोजरचा पॉइंटरही ढकला. सध्या चालू असलेलं क्लोजर आणि रिटर्न स्टॅकवरचे हे पॉइंटर गार्बेज कलेक्टरला (न लागणारी मेमरी मोकळी करणाऱ्याला) मुळं म्हणून, म्हणजे वापरातल्या वस्तू शोधायची सुरुवात म्हणून, दिसले पाहिजेत. नाहीतर क्लोजर चालू असतानाच कलेक्टर ते उचलून नेतो, आणि क्रॅश भलतीकडेच होतो. चाचणी घेताना प्रत्येक अलोकेशनला (हीपवर जागा घेताना) कलेक्टर चालवा, म्हणजे अशी चूक लवकर उघडी पडेल.