भुसावळ: चर्चच्या अभ्यासिकेत पोरीला घालू का?

वस्तीवरची ताई: नवरा रावेरकडे केळीच्या गाड्या भरतो, माल कमी झाला की घरीच. जवळच्या चर्चच्या आवारात संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतात, बायांना शिवण शिकवतात. सासूबाई म्हणतात, "फुकट कोण देतं माय?" पोरगी चौथीत आहे, धाकटा अंगणवाडीत. कोणाची मुलं जातात का?

जंक्शनवाली: माझे दोघं जातात. प्रार्थना रविवारी, चर्चमध्ये. अभ्यासिकेत फक्त पाढे नि शुद्धलेखन. बाई रेल्वेतून रिटायर झालेल्या, भारी कडक. वहीला कव्हर नसलं तर दारातच थांबवतात. शिलाई मशीन मात्र तीनच, त्यातलं एक कायम बंद. नंबर येईपर्यंत पेपरच्या रद्दीवर ब्लाउज कापत बसा!

तापीकाठ: धाकट्याच्या आरटीईचा, म्हणजे खासगी शाळेत फुकट प्रवेशाचा फॉर्मही तिथेच भरून देतात. २५ टक्के जागा, सोडत निघते. वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असल्याचा दाखला आधीच काढा, ऐन वेळी सेतूत मरणाची रांग असते. एससी-एसटी असाल तर जातीचा दाखला पुरतो.

वस्तीवरची ताई: सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणतात, "मशीन बंद शे ना? तेल नसीन टाकेल कोणी. उद्या मीच येस."