नेट कशात द्यायची?
फॉरेन्सिक सायकॉलॉजीत (गुन्हे-न्यायाशी जोडलेलं मानसशास्त्र) एमएससी करून प्राध्यापकीसाठी नेट ही पात्रता परीक्षा कशात द्यावी, असं तुम्ही विचारलंय. या नावाचा वेगळा विषय नेटमध्ये नाहीच. मानसशास्त्र आहे आणि फॉरेन्सिक सायन्स आहे. मी मानसशास्त्रच सुचवेन. फॉरेन्सिक सायन्स घेतलं तर डीएनए, विषशास्त्र, बॅलिस्टिक्स (बंदूक-गोळ्यांचा अभ्यास) यांत आपली दमछाक होते. शिवाय गांधीनगरची नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी (तिचं गोव्यातही केंद्र आहे) सोडली तर बहुतेक ठिकाणी मानसशास्त्र विभागातूनच शिरकाव, तोही आधी तासिका तत्त्वावर! २०१८ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांत पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के 'संबंधित किंवा संलग्न' विषयात हवेत. संलग्न म्हणजे काय यावर छाननीत घोडं अडतं. पात्रतेची ओळ नीट वाचूनच फॉर्म भरा. आणि मुलाखतीला जाताना सक्तीच्या नार्को-पॉलिग्राफ चाचण्यांवरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा सेल्वी निकाल वाचून जा.