अनुभव धागा : साफ करायला गेलो आणि धातूच खराब झाला

सातारा, शाहूपुरी
आमच्याकडे बोअरचं पाणी. बाथरूमच्या फरशीवर पांढरा थर बसतो, तो कशानंच निघेना. दिवाळीच्या साफसफाईत दारावर आलेल्याकडून फरशीचं ॲसिड घेतलं, ओतलं आणि वास सहन होईना म्हणून दार लावून अर्धा तास बाहेर थांबले. फरशी लख्ख झाली. नळाला मी हातही लावला नव्हता, तरी तिसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर हिरवट ठिपके दिसले आणि शॉवरची स्टीलची नळी तांबूस पडली.

प्लंबरदादा म्हणाले, "ताई, वाफेनं झालं हे." नळ आतून पितळी असतो. त्यावर निकेल आणि सगळ्यात वर क्रोमचा अगदी पातळ मुलामा. कोंडलेल्या वाफेनं तो जागोजागी फोडला होता. मुलामा एकदा गेला की घासून परत येत नाही. दोन्ही नळ बदलावे लागले. आता थर काढायला कापड पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून नळाभोवती दहा मिनिटं गुंडाळते, लगेच धुते आणि कोरडं करते. वेळ जातो, पण नळ शाबूत आहेत.

तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लिहा. धातू कोणता, काय लावलं, किती वेळ ठेवलं, हे जरूर सांगा.

सांगली, गावभाग
२०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आमच्या स्वयंपाकघरात छातीइतकं. पाणी ओसरल्यावर सगळ्या भांड्यांवर गाळ आणि तो वास. ब्लीचिंग पावडर मुबलक मिळत होती. रोगराईची भीती इतकी होती की आई आणि मी पिंपात पावडर अंदाजानंच कालवली आणि स्टीलची भांडी रात्रभर त्यात बुडवून ठेवली.

सकाळी डब्यांच्या तळाला सुईनं टोचल्यासारखे काळे खड्डे. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पातेली तर पांढरी, पिठूळ झाली होती. जिवाला लागलं ते आईच्या लग्नातल्या मोठ्या डब्याचं. त्यावर तिचं नाव आणि तारीख घातलेली आहे. त्यातली दोन अक्षरं खड्ड्यांनी खाल्ली.

नंतर माझ्या भाच्यानं नीट समजावलं. तो केमिकलमध्ये शिकलाय. स्टेनलेस स्टीलला गंज चढत नाही तो त्यातल्या क्रोमियममुळे. हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून त्याचा डोळ्यांना न दिसणारा थर तयार होतो. ब्लीचिंगमधलं क्लोराईड तो थर नेमक्या एका ठिकाणी फोडतं आणि तिथूनच आत खोल शिरतं. म्हणून सगळं भांडं गंजत नाही, टोचे पडतात. मिठाचं पाणी भांड्यात तसंच राहिलं तरी हेच होतं.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. तेव्हा आधी साबणानं गाळ पूर्ण काढला, मग भांडी उकळत्या पाण्यात घातली, फडक्यानं पुसून उन्हात पालथी घातली. एकाही भांड्याला डाग नाही.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. त्या पहिल्या पुरात शेजारच्या वहिनींनी संडासात ब्लीचिंग टाकून वर ॲसिड ओतलं. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. त्यांना खोकत बाहेर आणावं लागलं. ही दोन कधीही एकत्र करू नका.

कराड
नवीन घराच्या फरशीला गवंड्यानं ॲसिड मारलं. स्लायडिंग खिडक्यांच्या ॲल्युमिनियम पट्ट्यांवर ओघळ आले, ते आजही तसेच आहेत. पट्ट्यांना आधी प्लॅस्टिक चिकटवून घ्या.

मिरज
सिंक तुंबलं म्हणून कॉस्टिक सोडा आणला आणि हाताशी होती त्या ॲल्युमिनियमच्या तपेलीत पाण्यात घातला. क्षणात फसफसून वाफ यायला लागली, तपेली धरवेना इतकी तापली. मोरीत ओतून दिली तेव्हा तळ चाळणीसारखा झाला होता. ॲल्युमिनियमला आम्लही चालत नाही आणि खारही चालत नाही, शिवाय यात हायड्रोजन सुटतो आणि तो पेट घेतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. शेजारी गॅस चालू नव्हता एवढंच. धुण्याचा सोडाही कुकरला लावू नका, काळा पडतो.

विटा
आमचं घर गलाईवाल्यांचं. सासरे तीस वर्षं परमुलखात सोनं-चांदी गाळायचे, त्यामुळे चांदीवर आमच्याकडे कुणी दातांची पेस्ट लावलेली त्यांना खपत नाही. ती पेस्ट चांदी खरवडते, कोरीव काम बोथट होतं. काळपटपणा म्हणजे मळ नव्हे, हवेतल्या गंधकाशी मिळालेली चांदीच असते. पातेल्यात ॲल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा आणि गरम पाणी घेऊन वस्तू फॉइलला टेकवून ठेवली की गंधक फॉइलकडे जातं आणि चांदी जागेवर राहते. खडे बसवलेला दागिना मात्र त्यात घालू नका.

माझ्या माहेरच्या निरांजनाला चांदीचा नुसता मुलामा होता. मी दर सणाला पावडरीनं घासत राहिले आणि एका गौरीला खालचं पितळ दिसलं. सासरे काही बोलले नाहीत. हातात घेऊन बराच वेळ बघत बसले.

वाई
समई रात्रभर लिंबू-मिठात ठेवली, सकाळी गुलाबी. पितळेतलं जस्त निघून जातं आणि वर तांबं उरतं. पॉलिशवाल्यानं मशिनवर घासून पुन्हा पिवळी केली, पण नक्षी पुसट झाली. चिंच लावायचीच तर लावा, चोळा आणि लगेच धुवा. आमची आजी समईपासून हलत नसे.

फलटण
माझं दुःख कल्हईचं आहे. सासूबाईंचं पितळी पातेलं आतून करडं दिसलं, मला वाटलं करपलंय. तारेच्या घासणीनं पिवळंधमक होईपर्यंत घासलं आणि त्यातच कढी केली. सासूबाईंनी कढी ओतून दिली आणि मला जवळ बसवून सांगितलं की, मी काढली ती घाण नव्हती, कथिलाचा थर होता. आंबट पदार्थ उघड्या पितळेला लागू द्यायचा नाही म्हणून तो असतो. कथिल २३२ अंशाला वितळतं, त्यामुळे असं पातेलं रिकामं आचेवरही ठेवायचं नाही.

पातेलं चार महिने माळ्यावर आहे. फलटण-लोणंद भागात नवसागर लावून, भट्टीवर कल्हई करणारं कुणी ठाऊक आहे का?

वाई
आमच्या आळीत अधूनमधून एक मामा येतात. आले की लिहिते. पातेलं तोवर कोरडं ठेवा, आणि आता घासू नका.