अप्पांची महिंद्रा एफसी-१५० विकायची आहे : रंग मारून की आहे तशी?

तासगावची लेक :
नमस्कार. आमच्या अप्पांनी १९६८ साली नवी घेतलेली महिंद्रा एफसी-१५० पिकअप विकायची आहे. चपट्या तोंडाची, दोन सीटांच्या मधोमध इंजिनाचं झाकण असलेली. विलीसचं २२०० सीसीचं पेट्रोल इंजिन, मूळचंच. गावातल्या जीपांना एकेक करून डिझेल इंजिनं बसली, अप्पांनी कुणाला हात लावू दिला नाही. हळदीची पोती सांगलीच्या यार्डात हिनंच नेली. अप्पा होते तोवर दर दसऱ्याला धुऊन, हार घालून चालू व्हायची.

आता शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे, ठोकळ्यांवर, टायरांवर भार नाही. केबिनचा पत्रा शाबूत. हौद्याच्या फळ्या कुजल्यात, ब्रेक लागत नाहीत. इंजिन हँडलनं फिरतं.

शेडची जागा वाटणीत धाकट्या भावाकडे गेली, म्हणून विकणं भाग आहे. भंगारवाला वजनावर मागतोय, त्याला द्यायची नाही. हिला पुन्हा रस्त्यावर आणणारा माणूस हवा. गॅरेजवाला म्हणतो, आधी रंग मारा, दुप्पट येतील. मारू का? आणि ‘व्हिंटेज नंबर मिळेल’ असं जाहिरातीत लिहू का?

जीपवाला, कोल्हापूर :
ताई, ब्रशसुद्धा लावू नका. ताज्या रंगाखाली पुटी किती आणि गंज किती, हे जाणकाराला दिसत नाही, मग तो वाईटात वाईट धरूनच भाव करतो. जुना फिका रंग हाच पत्रा चांगला असल्याचा पुरावा आहे.

हिचं इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल जीपच्याच घरातले, ते पार्ट शोधले की मिळतात. केबिन, दारं, पुढची काच मात्र फक्त एफसीची, जीपची बसत नाही. तुमच्या गाडीची खरी किंमत त्या केबिनमध्ये आहे. फोटो तिचेच जास्त काढा : पायाखालचा पत्रा, दारांच्या खालच्या कडा, बॅटरीखालची जागा, चासी. कुजलेल्या फळ्याही दाखवा, त्या सुतार करून देतो.

आणि कुणालाही टोचन लावून चालू करू देऊ नका. टाकीत जुनं पेट्रोल असेल, सिलिंडर कोरडे असतील. हँडलनं फिरतंय एवढंच लिहा, जाणकाराला तेवढं पुरतं.

कागदवाला :
व्हिंटेजचं लिहू नका. २०२१च्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाड्या येतात, पण दुचाकी आणि एम-१ गटातल्या, म्हणजे प्रवासी चारचाकी. पिकअप मालवाहू आहे. आरसी बुकात काय नोंद आहे ते पाहून आरटीओत विचारा, ग्राहकाला आधीच शब्द देऊ नका.

बुक अप्पांच्या नावावर असेल तर आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करा, बाकी वारसांच्या सह्या घ्या. मग विक्रीला २९ आणि ३०. घेणारा परराज्यातला असेल तर २८, म्हणजे एनओसी. इंजिन आणि चासी नंबर बुकाशी ताडून पाहा. हातानं लिहिलेलं जुनं बुक असेल तर ‘वाहन’ पोर्टलवर नोंद दिसते का तेही बघा. फिटनेस कधी संपला ते जाहिरातीत स्पष्ट लिहा.

तासगावची लेक :
दोघांचे आभार. नंबर जुळले! बुक अप्पांच्याच नावावर आहे, भावंडं सह्या देतायत. पण एक अडचण. एकाला फक्त केबिन, दारं आणि काच हवी आहे, आणि भंगारवाल्यानं अख्ख्या गाडीचे सांगितले त्याहून जास्त देतोय. धाकटा म्हणतो, देऊन मोकळी हो.

जीपवाला, कोल्हापूर :
त्याची दुसरी एफसी उभी राहील, हे खरं. पण तुमची संपेल. उरलेल्या चासीला भंगारवाल्याशिवाय कुणी विचारणार नाही. तो केबिनचे एवढे देतोय, तर पुरी गाडी, जुळणारे नंबर आणि साफ कागद यांचे त्याहून जास्तच यायला हवेत. घाई करू नका. बघायला येणाऱ्याला विचारा, आधी काय उघडणार? ब्रेक आणि टाकीबद्दल बोलला तर बसवून चहा द्या. आल्याआल्या केबिनचे बोल्ट बघायला लागला तर नको म्हणा.

तासगावची लेक :
केबिनवाल्याला ‘नाही’ म्हणून कळवलं. फॉर्म ३१ सोमवारी देतेय, धाकट्यानं दिवाळीपर्यंत शेड ठेवायचं कबूल केलंय. उद्या उजेडात फोटो काढून इथेच टाकते. रंग मारत नाही.